टिबोला सोडलं तेव्हा

कॉर्डेल, आयोवा
रविवार, २१ जुलै

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मिळालं. आईच्या टोमॅटोंना यंदा कीड नाही, हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. काल आम्ही पाच-चारने जिंकलो. हे खरं तर मी शेवटी लिहिणार होते.

तुमच्या मुलाबद्दल, वेंडेलबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. तिसऱ्या बेसपाशी उभा राहून धावणाऱ्याला थांबवायचं की धाव पूर्ण करायला होमकडे सोडायचं, हे तो आता हाताने सांगतो. "सहा वर्षं व्यावसायिक बेसबॉल खेळलेला माणूस कडेला उभा राहून हात हलवणार," असं तुम्ही म्हणाला होतात. पण कोच म्हणून त्याला अजमावायला एकच महिना दिला होता, आणि तोही मंगळवारी जवळजवळ संपला. त्याने सोडलेले दोघे होमवर बाद झाले, दोघेही होम चांगलं हातभर लांब असतानाच.

मॅनेजर प्रुइट सगळ्यांसमोर म्हणाला, "वेंडेल, ते तुझे पाय नाहीत. शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर घर गाठ."

चूक तीच होती. तो प्रत्येकाला स्वतःच्या वेगाने मोजत होता. संघाचं चित्रीकरण आणि वेळ मोजणं माझ्याकडे आहे, म्हणून मी एक कार्ड केलं: दुसऱ्या बेसपासून होमपर्यंत कोणाला किती सेकंद लागतात. वेंडेलला साडेसहा लागायचे. आमचा कॅचर टिबो सात पूर्णांक आठ घेतो.

वेंडेलने कार्डाला हात लावला नाही. "घड्याळबाई, मी हा खेळ पायांनी शिकलोय."

आता जे लिहिते, ते मी सप्टेंबरपासून टाळलं आहे. वेंडेलला खेळाडू म्हणून काढलं, तेव्हा तुम्ही प्रुइटला फोनवर जे बोललात, ते चुकीच्या माणसाला बोललात. पहिल्या बेसपर्यंतचं त्याचं धावणं तीन दशांश सेकंदाने मंदावलंय, असा अहवाल गेला होता. तो मी लिहिला. खाली सही माझी होती.

बुधवारी मी त्याला हे सांगितलं. तो बुटांच्या तळातली माती काढत होता.

"तीन दशांश?"

"हो."

"मला वाटलं होतं, चार." बराच वेळ तो माती काढत राहिला. मग म्हणाला, "आण ते कार्ड."

काल सातव्या डावात त्याने एका धावणाऱ्याला दोन्ही हात वर करून तिसऱ्या बेसवर थांबवलं. लोक ओरडले, शिट्या आल्या, एकाने तर त्याला दिव्याचा खांब म्हटलं. तो हलला नाही.

नववा डाव, चार-चार, आमचे दोघे बाद, दुसऱ्या बेसवर टिबो. चेंडू उजव्या बाजूला गेला. कार्डाप्रमाणे टिबोला थांबवायला हवं होतं. वेंडेलने हात गरागरा फिरवला. मी कॅमेऱ्यामागे उभी राहून मोठ्याने "नको" म्हणाले. टिबो कपाट ढकलत न्यावं तसा धावला. तो होमवर आडवा झाला, धूळ उडाली, पंचाने दोन्ही हात आडवे पसरले. वाचला, पाच-चार.

"कागद बघून सोडलंस?" प्रुइटने विचारलं.

"कागद थांबव म्हणत होता. पण त्यांच्या उजवीकडच्या पोराने चेंडू गुडघा टेकून अडवला. उठून फेकेपर्यंत जाणारच वेळ."

"मग बहिणीला नवा कागद करायला सांग," प्रुइट म्हणाला आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकला. "उरलेला हंगाम तूच उभा राहा."

मी रात्री चित्रीकरण तपासलं. गुडघा टेकल्यामुळे नऊ दशांश सेकंद गेले. ते मोजण्याचा विचार मला कधी सुचला नव्हता. मी ते अकरा वेळा पाहिलं. त्यातल्या नऊ वेळा काही मोजायचं नव्हतं.

आज सकाळी बसमध्ये वेंडेल सवयीने मागे जाऊन बसला. टिबो म्हणाला, "ओ कोच, ही खेळाडूंची जागा. पुढे व्हा." सगळी बस हसली. वेंडेल उठला, पिशवी घेतली आणि पुढे जाऊन प्रुइटच्या शेजारी बसला.

गुरुवारी आमचा सामना तुमच्यापासून चाळीस मैलांवर आहे, दुपारी एकला. तिसऱ्या बेसच्या बाजूला बसा, तो तिथून नीट दिसतो. माझ्याशी बोलायचं नसेल, तर मी पलीकडे कॅमेऱ्यांपाशी असेन.

अहवाल लिहिणारी, आणि तरी तुमचीच,
कॉरा