भिंगरीच्या मापाचे फ्रॉक

सोमवार, दि. ९ जून

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण मशीनचं पायडल अजून माझंच ऐकतं. जावईबापूंना नमस्कार, नातीला पापा.

तिच्या फ्रॉकसाठी तू पाठवलेली मापं पोचली. कापड आणून तीन दिवस झाले. कात्री उचलतो आणि परत ठेवतो.

परदेशात मी ज्यांच्या घरी राहायचो, ती बाई नर्स, नवरा बस चालवायचा. दोघांच्या पाळ्या. मी कारखान्यातून सुटलो की त्यांची लेक माझ्याकडे. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून मी तिला भिंगरी म्हणायचो. तुझ्याहून दोन महिन्यांनी मोठी. तुझा फ्रॉक बेतायचा म्हटलं की तिलाच स्टुलावर उभी करायचो. आपल्या भाषेतले चार शब्द शिकली होती.

"काका, झालं?"

"नाही झालं. पोट आत घे."

मग मुद्दाम फुगवायची.

सात वर्षांची पोर म्हणजे सात वर्षांची पोर, असं धरून चाललो. शिंपी असून. न पाहिलेल्या अंगाचं कापड बेतू नये, हे माझ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

तुझी आई दर वेळी लिहायची, 'अगदी मापात बसला.' मी खूश. ती जाऊन वर्ष झालं, म्हणून परवा तिची पेटी उघडली. पाच फ्रॉक निघाले. प्रत्येकाच्या बाजू उसवून, हातशिलाईने दोन-दोन बोटं आत घेतलेल्या. तू एवढी बारीक होतीस, आणि मला ठाऊकच नाही.

इथवर लिहून उठलो, चहा केला. तसाच गार झाला.

तिसऱ्या वर्षी मालकाने रजा दिली नाही, असं मी कळवलं होतं. रजा मिळाली होती, बबडे. तिकीटही काढलं होतं, येतो म्हणून तुम्हाला कळवलंही होतं. भिंगरी जिन्यावरून पडली, पाय प्लास्टरमध्ये. माझी बाही धरून बसली, "काका, नको जाऊ." तिचे आईबाप म्हणत होते, तुम्ही जा, आम्ही आहोत. ते होतेच. तरी मी तिकीट परत केलं. वाटलं, आपली आहेच घरी, ती कुठे जाते.

माझं पत्र पोचेपर्यंत तू निळा फ्रॉक घालून चार दिवस फाटकाशी उभी होतीस, हे आईने फार उशिरा सांगितलं. तो निळा फ्रॉकही पेटीत आहे.

मी कायमचा परतलो तेव्हा तू मला 'तुम्ही' म्हणालीस. शेजारी म्हणाले, पोर वळणाची आहे. मला कळलं होतं. पाहुण्याला म्हणतात तसं होतं ते.

भिंगरीचा राग धरू नकोस. तिने काही हिरावलं नाही. तुझ्या वाटणीचं मीच तिला आपल्या हाताने वाढलं.

या मापांवर मी नातीचा फ्रॉक शिवणार नाही. टेप घेऊन येईन म्हणतो. मी घरात यायला नको वाटलं तर दारातच माप घेईन, पाच मिनिटांचं काम. तुझी हरकत नसेल तर तुझंही घेईन. कधी घेतलंच नाही.

'या' एवढंच लिहिलंस तरी पुरे.

आता फाटकाशी उभं राहायची पाळी ज्याची, तो
तुझा बाप