जाताना गप्प

२६ नोव्हेंबर, सकाळ

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

इकडचं सगळं क्षेम आहे असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. तुझं पत्र नाही, फोन नाही, याबद्दल कुरकुर करायला बसलेले नाही, घाबरू नकोस. तुझ्या मामेबहिणीकडून अधूनमधून कळतं. तिकडे स्वतःचं सलून टाकलंस आणि हाताखाली दोन मुली ठेवल्यास म्हणे. ऐकून बरं वाटलं. त्या पोरींना दिवसभर उभं राहावं लागत असेल तर चांगल्या चपला घ्यायला सांग. बाबांच्या पोटऱ्यांवरच्या शिरा तू पाहिल्या आहेस.

दिवाळीच्या सुट्ट्या सरल्या. पाहुणे गेले, किनाऱ्यावरच्या भाड्याच्या खुर्च्या एकावर एक रचून त्यांच्यावर ताडपत्री बांधली, आइस्क्रीमवाल्याने टपरीला फळ्या ठोकल्या. पाण्याला आता पाय लावला की हाडापर्यंत गार वाटतं. रस्त्याकडेच्या झाडांची पानं उडत वाळूत येतात, ओली होतात आणि चपलेला चिकटून घरापर्यंत येतात. दिवस भराभर मावळतो. मला हे दिवस कधीच आवडले नाहीत, यंदा तर खायला उठतात. तरी आम्ही रोज फिरायला जातो.

आपलं दुकान सध्या बंद आहे. बाबांना मध्ये जरा बरं नव्हतं. आता बरे आहेत. म्हणजे हिंडतात, जेवतात, झोपतात. परवा मी झाडायला शटर अर्धं वर केलं होतं, तर पोस्टमनकाका खालून वाकून आत आले आणि खुर्चीत जाऊन बसले. मी म्हटलं, "काका, कटिंग व्हायची नाही हो आता." तर म्हणतात, "वहिनी, माझ्या डोक्यावर कापण्यासारखं उरलंय काय? मी तर त्यांची बडबड ऐकायला यायचो." मग ते आणि कोपऱ्यात बसलेले बाबा आरशातून एकमेकांकडे बघत बसले. मी आत जाऊन टॉवेलांच्या घड्या घातल्या. आधीच घातलेल्या होत्या, त्या मोडून पुन्हा घातल्या.

बघ, पान भरत आलं आणि मी अजून झाडांची पानंच मोजतेय. आता लिहिते.

आपली फिरायची तऱ्हा तू विसरली नसशील. जाताना कोणी तोंड उघडायचं नाही. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून बाबांचा जबडा दुखायचा, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी हा कायदा काढला. वाळू संपून खडक लागतात, तिथल्या लोखंडी खांबापर्यंत गप्प. खांबाला हात लावला की मग येताना काय ते बोला. तू लहानपणी मध्येच शी आली तरी बोलायची नाहीस, पोट धरून खुणा करायचीस. लोक म्हणायचे, हजामाचं कुटुंब आणि मुकं! त्यांना काय ठाऊक, परतताना आम्ही तिघंही एकाच वेळी बोलायचो.

ऑक्टोबर संपत आला होता. त्या दिवशी दुपारी आमचं जोरात वाजलं. तुझ्यावरूनच. मी म्हटलं, "भरल्या दुकानात पोरीला 'तुझा हात जड आहे' म्हणालात. चूक तुमची, फोन तुम्ही करा." ते म्हणाले, "तिने सांगितलंय ना, तुम्ही आधी बोलल्याशिवाय मी बोलणार नाही? मग बसू दे तशीच." दोन वर्षं तू तिकडे फुगून, हे इकडे फुगून. एका माळेचे मणी. मी भांडी आपटली, त्यांनी कात्री आपटली. पण संध्याकाळी खुर्चीखालचे केस झाडता झाडता ते एकदम निवळले. म्हणाले, "चल, फिरून येऊ. येताना तुला एक सांगायचंय."

आम्ही निघालो. नेहमीसारखे गप्प. समुद्रही त्या दिवशी आवाज न करता नुसता पसरला होता. ते जरा रेंगाळत चालत होते, उजवा हात खिशात. मध्येच त्यांच्या पायातली चप्पल निघाली, आणि ते तसेच एका चपलेने पुढे गेले. मी ती उचलून, तोंडातून अवाक्षर न काढता, त्यांच्यासमोर धरली. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू कुणा परक्याची चप्पल आहे. मला हसू आलं, चिंगे. मी ओठ दाबून हसू आवरलं, कारण खांब अजून लांब होता.

खांबाला हात लावला आणि म्हटलं, "हं, सांगा. काय सांगायचं होतं?" त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि पाण्याकडे बघायला लागले. मला वाटलं, दुपारचं भांडण पुन्हा डोक्यात घेतलं. माझं डोकं फिरलं. "तोंडात मिठाची गुळणी धरलीत का?" म्हटलं, आणि परतीची सगळी वाट मी त्यांना फैलावर घेतलं. तुझ्यावरून, तुझ्या आजेसासूवरून — म्हणजे माझ्या सासूवरून, बघ, आत्ताही लिहिताना गोंधळ होतोय — त्यांच्या हट्टावरून, कशाकशावरून. ते माझ्या शेजारून चालत होते. मध्ये एकदा त्यांनी माझी बाही धरली. मी ती सोडवून घेतली.

घरी आल्यावर चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला. त्यांनी माझ्याकडे बघून काही म्हणायचा प्रयत्न केला. घशातून नुसती घरघर आली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

शेजाऱ्यांनी गाडी काढली, पण जिल्ह्याच्या इस्पितळात पोचायला चार तास लागले. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली, म्हणाल्या. त्यावर एक इंजेक्शन असतं, पण ते लवकर द्यावं लागतं, म्हणून त्यांनी विचारलं, "यांचं बोलणं नेमकं कधी गेलं?" आणि मला सांगता येईना. दुकानातून निघताना होतं. खांबापाशी नव्हतं. मधलं मला माहीतच नाही. त्या म्हणाल्या, "पण तुम्ही बरोबरच होतात ना?" होते की. हातभर अंतरावर होते. आम्ही जाताना बोलत नाही, हे मी त्यांना कसं समजावणार होते? दुकानातून निघाल्यापासून धरलं तर इंजेक्शनची वेळ टळून गेली होती.

पाय सुटले, हात बराचसा सुटला, कात्री मात्र धरवत नाही. बोलणं आलेलं नाही. एक बाई शिकवायला येतात, चित्रं दाखवतात. 'हो' आणि 'नको' एवढं जमायला लागलंय, पण अदलाबदल होते. भाजी वाढू का विचारलं की 'नको' म्हणतात आणि ताट पुढे करतात. समजतं मात्र सगळं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलंय, कान आणि अक्कल शाबूत आहे. गावभर गप्पा मारणारा माणूस, आणि आता आरशासमोर बसून ओठ कसे हलतात ते बघत असतो. मला बघवत नाही. कधीकधी त्यांचाच राग येतो, मग स्वतःचा येतो.

त्या संध्याकाळी ते काय सांगणार होते, हे मला कधी कळणार नाही. तुझ्याबद्दलच असणार असं लिहिलं तर तुला बरं वाटेल आणि मलाही. पण खोटं कशाला लिहू? मोरीच्या गळक्या नळाबद्दलही असेल.

तुला कळवलं नाही, तुझ्या मामेबहिणीलाही सांगू दिलं नाही, कारण त्यांनी हाताने नको नको केलं. त्या वेळी शब्दांची अदलाबदल नव्हती, हात स्वच्छ सांगत होता. तू कीव करून धावत यावीस हे त्यांना नको होतं. आणि खरं सांगू, मलाही खांबापर्यंतची ती गोष्ट तुला सांगायची नव्हती. आज सांगतेय ती सोमवारच्या प्रकारामुळे.

गेल्या सोमवारी दुपारी तुला दुकानाच्या नंबरावरून फोन आला होता. आठवतंय? मी आतल्या दारात उभी होते. आरशाशेजारी भिंतीवर तुझा नंबर पेन्सिलीने लिहिलाय, तो बघत बघत त्यांनी डाव्या हाताने एकेक आकडा दाबला. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. तुझा आवाज मला तिथपर्यंत ऐकू आला. "हॅलो... हॅलो? बाबा?" त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. ओठ घट्ट मिटून उघडत होते, पुन्हा मिटत होते. आवाज फुटला तोही श्वासाएवढा. तू थांबलीस, थोडी थांबलीस हे मी ऐकलं. मग म्हणालीस, "बोलायचंच नाही तर फोन कशाला करता?" आणि ठेवलास.

तुझं काही चुकलं नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही ठेवला असता. मी पुढे होऊन तुला लगेच उलटा फोन लावणार होते, तर त्यांनी रिसीव्हरवर पंजा ठेवला आणि डोळे मिटून बसले. नंतर मी एकटीने फोनवर सांगायला गेले असते तर रडू आलं असतं आणि तुला अक्षर कळलं नसतं. पत्रात निदान मध्ये थांबता येतं. इथपर्यंत लिहायला सकाळपासून बसले आहे.

आधी बाबांनी बोलायचं, ही तुझी अट होती. चिंगे, ते आधी बोलले. तुला ऐकू आलं नाही, एवढंच.

आता तू ये. लगेच जमत नसेल तर दुकानाच्या नंबरावर फोन कर. मी उचलणार नाही, तेच उचलतील. पलीकडून काही येणार नाही. ते रागावलेत असं समजू नकोस, मी तसं समजून बसले होते. तुझ्या दुकानाचं सांग, त्या दोन पोरींचं सांग, भांडायचं असेल तर भांड. दोन वर्षांचं साचलंय ना, सगळं बोल. मध्ये खूप वेळ शांत वाटलं तरी बोलत राहा. फक्त फोन ठेवू नकोस, बाळा.

रोज दुपारी त्यांना दुकानात फोनपाशी बसवते.

तुझी
आई