नऊशे सत्तर नग

सोमवार, ३ जून २०२४

आले –
गूळ, पाच किलो – २४०
शेंगदाणे, दोन किलो – २६०
कापूर, वाती, उदबत्ती – ८५
दळण – ३०
फ्लॅट बांधणाऱ्या कंपनीचे शेअर, नऊशे सत्तर नग – ३,९९,६४०!

नग म्हणतात की काय म्हणतात कोण जाणे. शेंगदाण्याला पिशवी तरी असते. हे तर डोळ्यांना दिसतही नाही. भावजींच्या मोबाईलवर एक हिरवी ओळ, तेवढंच. चार लाखांची ओळ!

मला विचारलं नाही. विचारलं, असं ह्यांचं म्हणणं. सकाळी माझे हात पिठात. हे अंगणातून ओरडले, "तुझ्या फोनवर सहा आकडे आलेत, वाच गं!" मी वाचले. गॅसचा नंबर असेल म्हटलं. त्या सहा आकड्यांवर माझे अकरा वर्षांचे दुधाचे पैसे गेले. एकेक सड पिळून डेअरीला घातलेलं दूध. बँकेतल्या ठेवीची मुदत शुक्रवारी संपली होती, पैसे खात्यात येऊन पडले होते, आणि हे दोघे भाऊ टपूनच बसले होते.

हे पैसे कशाचे, ते काय ह्यांना माहीत नाही? श्रेयाच्या खोलीचे! लेक फेब्रुवारीत सासरहून, पेठेहून आली ती अंगावरच्या कपड्यांनिशी. दंडावर चटक्यांचे तीन डाग. मी बोट ठेवून मोजलेत. जावई चाकणला कंपनीत चांगल्या पगारावर, आणि घरी ही रीत. हे म्हणतात, "घरोघरी व्हतं थोडं." घरोघरी होतं तर ह्यांनी एकदा उलथनं तापवून स्वतःच्या दंडाला लावावं.

नारायणगावात सरूबाईंची खोली बघून ठेवलीय. एक खोली, मोरी, पुढं ओटा. मशीन बसेल. सहा लाखांत ठरली – चार आता, दोन दिवाळीला. श्रेया म्हणाली होती, "आई, माझं दार झालं की मी शिवणकाम करून राहीन. न्हाईतर मग पेठच हाय मला." सरूबाई मुलाकडे पुण्याला निघाल्यात. म्हणाल्या, "अमावशेपर्यंत थांबते, म्होरं न्हाई." अमावस्या गुरुवारी.

भावजी – दादाभाऊ, ह्यांचे धाकटे भाऊ, रिटायर ग्रामसेवक – मला समजावत होते. "वहिनी, परवा टीव्हीवर अंदाज आले. सरकार पक्कं. रस्ते होणार, घरं लई खपणार. आज एका दिवसात बिल्डरचे शेअर कुठल्या कुठं गेले बघा! उद्या निकाल लागला की चाराचे पाच. तुमचे दिवाळीचे दोनमधले पण निघतील."

मी म्हटलं, "आज कुठल्या कुठं गेले, मग आज का घेतलेत? स्वस्त होते तेव्हा कुठं होतात?"

भावजी हसले. ह्यांना म्हणाले, "वहिनी लई हिशेबी हायेत राव!"

हो, आहे! गेल्या दिवाळीत माझं आधार आणि पॅन नेऊन माझ्या नावानं शेअरचं खातं काढलं, तेव्हा का नाही हसलात?

मंगळवार, ४ जून

सकाळी आठपासून टीव्ही शेजारी भावजींच्या ओसरीवर. जुनी मास्तर मंडळी, दुधाच्या गाडीवाले, सगळे जमले. मला चहाला कामाला लावलं. पहिल्या चहाला हिरवळ होती. दुसऱ्या चहाला कुणी बोलेना.

सीट कमी पडायला लागल्या, तसतसा शेअर खाली. चारशे बारा. चारशे. तीनशे सत्तर. टीव्हीवर एका कोपऱ्यात सीट आणि दुसऱ्या कोपऱ्यात बाजार. बाई सांगत होती, "घबराट आहे, घबराट आहे." कुणाची घबराट? दिल्लीत कोण खुर्चीवर बसतो आणि नारायणगावच्या ओट्याचा काय संबंध? मी मोठ्यानं विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

भावजी कपाळ पुसत म्हणाले, "तसं न्हाई वहिनी. एकहाती सरकार असलं की बिल्डरला धीर असतो. दोघातिघांचं कडबोळं झालं की लोक म्हणत्यात, घरांच्या योजना राहत्यात का जात्यात, व्याज वाढतंय का काय. म्हणून विकत्यात."

"मग तुम्ही का नाही विकत?"

"आता विकलं तर तोटा. विकल्याबिगर तोटा नसतो."

"दूध नासलं तरी ओतल्याशिवाय तोटा नाही म्हणायचं का?"

मागे कुणीतरी हसलं. हे उठून उभे राहिले. "घरात जा." इतक्या माणसांत! गेले. मी कपबशा तिथंच टाकून गेले. गोळा करोत स्वतः.

तीनशे चाळीस. बाजार बंद झाला तेव्हा तीनशे चाळीस. मी वहीत मांडलं. नऊशे सत्तर गुणिले बहात्तर – एकोणसत्तर हजार आठशे चाळीस. एका दिवसात! म्हैस येते की तेवढ्यात.

सासूबाईंची रीत मी अजून पाळते. दिवा लावला की दिवसाचा जमाखर्च देवापुढं मोठ्यानं वाचायचा. भैरवनाथापुढं खोटे आकडे निघत नाहीत तोंडातून. जे हातातून गेलं ते खर्च, जे हातात आलं ते जमा. मधलं काही नाही. आज वाचलं – साखर ४४. दूध घरचं, खर्च नाही. आणि मग वाचलं, "श्रेयाच्या खोलीचे पैसे – बुडाले." मुद्दाम दोनदा वाचलं, ओसरीपर्यंत जाईल असं. ऐकू दे सगळ्यांना.

हे ताटावर आले नाहीत. बरं झालं.

बुधवार, ५ जून

सकाळी सकाळी पुन्हा जुंपली. मी म्हटलं, आहेत तेवढे काढा, मी सरूबाईंच्या पाया पडते, तीन लाखांवर ऐकतील. हे म्हणाले, "थांब, चढतील." मी म्हटलं, "माझं नाव आहे ना खात्यावर?" तर म्हणे, "नाव तुझं, डोकं दादाभाऊचं." ह्या घरात तीस वर्षं झाली मला! लाईट बिल कोण भरतं, खताची पावती कोण जपून ठेवतं, श्रेयाच्या लग्नात मांडववाल्यानं जास्तीचे नऊशे लावले ते कोणाच्या डोक्यानं परत आणले?

श्रेया दारात उभी होती. तिचा चेहरा मी नीट पाहिलाही नाही. म्हणाली, "आई, मी चार दिवस रत्नामावशीकडं जाते येडगावला. तुमची भांडणं माझ्यापायी चाललीत."

मी रागातच होते. म्हटलं, "जा. सगळेच जा." ह्यांनी गाडीवरून फाट्यावर सोडलं. डबा घेतला नाही तिनं. भाकरी फडक्यात तशीच राहिली.

शेअर तीनशे साठ. मी विचारलं नव्हतं. भावजी खिडकीतून सांगून गेले. जणू मला नैवेद्य आणून दिला.

गुरुवार, ६ जून

अमावस्या. उपास. कुणाशी बोलले नाही. भावजींचा चहा बंद!

शुक्रवार, ७ जून

चारशे एकवीस!

तीन दिवसांत सगळं होतं तिथं, त्याच्याही वर. कुणीतरी कुणालातरी टेकू दिला, सरकार बसणार म्हणे, आणि बाजाराला धीर आला. बाजार म्हणजे कोण? मंगळवारी चपला सोडून पळाले तेच आज चपला शोधत परत आले. ओसरीवरचे सगळे मास्तर पुन्हा छाती काढून बसलेत. प्रत्येक जण म्हणतो, "मी बोललो व्हतो!" मंगळवारी एकाच्याही तोंडातून शब्द फुटत नव्हता, मी पाहिलंय.

हे हसत आत आले. "बघ, उगं आरडत व्हतीस. दादाभाऊ म्हणतो अजून थांबू, साडेचारशेला जाईल."

मी फोन पुढं धरला. म्हटलं, "विका. आत्ता. सहा आकडे येतील, ते मी वाचते. ह्या वेळी कशाचे ते कळून वाचते."

भावजी म्हणाले, "वहिनी, लई घाई. सोन्याची कोंबडी कापताय."

मी म्हटलं, "भावजी, तुमची कोंबडी तुमच्या खुराड्यात पाळा."

विकले. दलाली आणि कर जाऊन वर सात हजार सहाशे बारा. वर आले म्हणून राग गेला असं अजिबात नाही. चोरानं मंगळसूत्र नेलं आणि पॉलिश करून परत आणलं, तर त्याला ओवाळायचं का? मी ह्यांना हे बोलून दाखवलं.  

एसटीनं नारायणगावला गेले.  अमावस्या उलटून गेलेली. सरूबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "दोन गिऱ्हाईकं येऊन गेली गं. पर म्हणलं, लेकीबाळीसाठी घेतीय ती, थांबू दोन रोज. बस, पाणी घे." मला तिथंच रडू आलं. सोमवारी पैसे खात्यात येणार, सोमवारीच द्यायचे ठरलं.

दिवेलागणीला वाचलं – जमा, ४,०७,२५२. आवाज घरातच राहिला. ऐकायला कोण होतं?

शनिवार, ८ जून

श्रेयाचा फोन लागत नाही. येडगावला धरणाच्या अंगाला रेंज नसते, नेहमीचंच. लागला असता तरी बोलले नसते. आता तोंडानं नाही, किल्ली हातात देऊन सांगायचं.

खोलीला मोठं कुलूप घेतलं – २१०. दोन किल्ल्या. एकही ह्या घरात राहणार नाही.

रविवार, ९ जून

नारळ फोडला. टीव्हीवर शपथविधी. मी लावला नाही.

सोमवार, १० जून

चार लाख दिले. किल्ली घेतली. तिथूनच रत्नाला फोन लावला, लागला एकदाचा – श्रेयाला पाठव नारायणगावला, मी ओट्यावर बसलेय.

रत्ना म्हणाली, "ताई, श्रेया हितं कुठं हाय? आलीच न्हाई."

तशीच पेठेला गेले. साळुबाई, जावयाची आई, दारात आडवी. "बुधवारीच आली की. आपल्या पायानं. म्हणली, खोलीचं पैसं बुडालं, आता कुठं जाऊ." तो शब्द माझा. वाचलाही मीच, दोनदा, मोठ्यानं. श्रेया पलीकडच्या खोलीत होती. बाहेर येऊ दिली नाही, मला किल्लीचं सांगूही दिलं नाही. आतून फक्त म्हणाली, "आई, मी बरी हाय. जा तू." एवढ्या उन्हाळ्यात दार लावून घेतलेलं.

उद्या ह्यांना आणि भावजींना दोघांनाही घेऊन जाणार. तरी दार उघडलं नाहीच तर, म्हणून हे पत्रही टाकलं. नक्कल इथं ठेवते.

"श्रेया, पैसे बुडाले नव्हते. माझं चुकलं, मी घाईनं मांडलं. खोली झाली. किल्ली माझ्या पदरात आहे. सोबत माझ्या पत्त्याचं कोरं कार्ड घातलंय. दंडावर आता किती डाग, तो एक आकडा लिही, बाकी काही नको. तुझ्या स्वतःच्या अक्षरात. उलट टपाली कळव, बाळा."