जपानी डाव शिकून काय होतंय

चिरंजीव गुंडास, लढाईत हरलेल्या जपानातल्या आमच्या पलटणीच्या छावणीतून थोरल्या मानसिंगचा आशीर्वाद. मी धडधाकट हाय, आईला सांग. तुझ्या डोक्याची जखम भरली का?

मनगट पिळून माणूस पाडायचा जपानी डाव शिकीव, चुलत्याच्या पोरांना बांधावरच लोळवतो, असं लिहिलंस. हितल्या एका म्हाताऱ्या वस्तादानं आमचे चार गडी तसेच लोळवले. मग आमचा हवालदार उठला. म्हातारा रीतीनं सलामीला वाकला, तवाच ह्यानं बुटानं त्याचं तोंड फोडलं. म्हातारा दात वेचत हुता आन् पलटण हसत हुती, "उठा की वस्ताद!"

डाव खरा हाय गड्या. पण चुलत्याची पोरं कुऱ्हाड घिऊन येत्यात, ती सलामीला थांबायची न्हाईत. बांध कोरत्यात तर कोरू दे. आईजवळ आता तू एकलाच हायस.

तुझा दादा,
मानसिंग