बक्षीस नसलेल्या घोडीची किंमत

महाळुंग्याचे आमचे थोरले मित्र उद्धवराव यांस रहिमान टांगेवाल्याचा सलाम, आणि वहिनींना रामराम. तुमचा दमा कसा आहे? वहिनींच्या गुडघ्यांसाठी नजमाने तेल करून ठेवलं आहे. आम्ही खुशाल. खुशाल कसले, सध्या छाती काढून चालतो आहोत, त्याचं कारण लिहितो.

आमचा म्हातारा घोडा दिवाळीत गेला. निगडीला बस झाल्यापासून सवाऱ्या आधीच कमी, त्यात टांगा रिकामा उभा. नजमाचा भाऊ, माझा मेहुणा, रोज सांगायचा, टांगा मोडीत घाल आणि कंपनीच्या गेटवर वॉचमन हो. (मी, आणि तोंडात शिट्टी.) तेवढ्यात चिखलीच्या जयसिंगने घोडी विकायला काढली. तीच, गेल्या जत्रेत चिखलीहून चाकणची वेस शिवून परत येण्याच्या शर्यतीत पहिली आलेली.

चाकणच्या बाजारात सौदा रिवाजाप्रमाणे उपरण्याखाली सुरू झाला. पण बोटं दाबून आकडा सांगता येतो, मुद्दा सांगता येत नाही, ही त्या रिवाजाची मोठी खोट. माझा मुद्दा असा, की एकदा पहिल्या आलेल्या घोडीला त्या जत्रेत पुन्हा बक्षीस देत नाहीत, मग बक्षिसाचा भाव किमतीत का? मी परोपरीने बोटं वळवली, तर जयसिंगला वाटे मी आकडा वाढवतोय. शेवटी हात बाहेर काढून उघड बोललो. (असं कुणी करत नाही. दलालाने कानाला हात लावले.) जयसिंग म्हणाला, "बक्षीस न्हाई ते घोडीला ठाव हाय व्हय? ती पळायची तेवढीच पळती." मी म्हटलं, "पळती तशी खाती बी. जिंकल्यावर काय हार चारू तिला?" बाजार हसला, दलालही हसला, आणि जयसिंग साध्या टांग्याच्या घोड्याच्या भावावर आला. असा वकील त्या बाजाराने पाहिला नसेल.

परवा जत्रा झाली. बक्षीस नसलं तरी मान असतो, म्हणून घोडी पळवली. उद्धवराव, ती पहिली आली. मला फेटा बांधला, पुढे हलगी, आणि लगाम धरून चालायला कोण, तर नजमाचा भाऊ. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. (हे वाक्य वहिनींपर्यंत जाऊ देऊ नका, तिथून ते नजमाकडे येतं.)

तुमचा विजयी,
रहिमान

ता. क. बक्षीस नियमाप्रमाणे दुसऱ्या आलेल्या घोडीला गेलं. ती जयसिंगची नवी घोडी. बिचाऱ्याला फेटा काही मिळाला नाही.

आणखी एक ता. क. घोडी आज पहिल्यांदा टांग्याला जुंपली. चाल उत्तम. फक्त चाकणची वेस शिवल्याशिवाय ती मागे वळत नाही. अगदी उलट्या दिशेला, चिंचवड स्टेशनला निघालेल्या सुमनताई इथे चाकणच्या वेशीपाशी टांग्यात बसून आहेत, त्यांची गाडी चुकली आणि त्या माझ्याशी बोलत नाहीत. तेव्हा पत्र आणणाऱ्याबरोबरच तुमची म्हातारी, गरीब घोडी घेऊन निघा, आपण अदलाबदल करू. वरचे पैसे अर्थातच तुम्ही द्यायचे, कारण माझी घोडी दोनदा पहिली आलेली आहे.