टाळ्यांचा खेळ

प्रिय बाळा,

तुझी तब्येत कशी आहे? खोलीतल्या जोडीदाराचा खोकला हटला का? घरमालकीणबाईंचा गुडघा काय म्हणतो? इथे मी धडधाकट आहे. शेजारच्या काकांची साखर आटोक्यात आली. तुझ्या ठकीचं मात्र काही खरं नाही. ताप नाही, सर्दी नाही, पण पोर घास तोंडात धरून बसून राहते.

इस्त्रीचं दुकान चालू ठेवलंय. कपड्यांचं गाठोडं आता मीच जिन्यावरून आणते. सूनबाई ज्या पायरीवर थांबायची, तिथे माझाही पाय अडतो. छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं वाटतं, म्हणायची. तू तिला मोठ्या दवाखान्यात नेलंस, हे मी नाकारत नाही. मनगटातून नळी घालून तपासलं, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा निघाला नाही. तू हसत हसत घरी आलास आणि म्हणालास, "सगळं आरशासारखं साफ आहे. आता नाटक बंद."

त्यानंतर तिचा हात छातीकडे गेला की तू टाळ्या वाजवायचास, नटीला वाजवाव्यात तशा. ठकीला आयताच खेळ सापडला. मी रागावले तर म्हणायचास, आई, तुला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं का? तू तिकडे नोकरीला गेलास, तरी खेळ चालूच राहिला. ओठ पांढरेफटक पडले तरी ती बिचारी लेकीसाठी हसायची.

परवा मी त्याच डॉक्टरांकडे जाऊन बसले. ते म्हणाले, मोठ्या वाहिन्या साफ असल्या तरी बारीक वाहिन्या आकसतात, त्या तपासणीत त्या दिसत नाहीत. दुखणं खरंच असतं, त्यावर गोळ्या असतात. पुन्हा दुखलं तर लगेच आणा, असं त्यांनी तुला बजावलं होतं म्हणे. घरी तू हे कुणालाच सांगितलं नाहीस.

आता मुद्द्याचं लिहिते. ती दुकानात कोसळली तेव्हा मी बाजारात होते. जवळ एकटी ठकी. आई पडली तशी ती टाळ्या वाजवायला लागली, आणि मी आले तेव्हाही वाजवतच होती. आईचा जीव तोवर गेला होता. काल मला विचारते, "आजी, मी जोरात नाही वाजवल्या, म्हणून आई उठली नाही का?" मी जवळ घेतलं, समजावलं, पण तिला पटत नाही, बाबांनीच शिकवलंय म्हणते. तेव्हा बाबांनीच तिला लिहावं. आईचं दुखणं खरं होतं, आणि तो खेळ काढणारा मी, एवढंच लिही. मोठ्या अक्षरात लिही, तिला जोडाक्षरं वाचता येत नाहीत. उशीर करू नकोस, राजा. पोर रोज दारात पोस्टमनची वाट बघत बसते.

तुझीच,
आई