व्हाइटनरखालचं नाव

हिद्द, बहरीन
९ नोव्हेंबर २०२४

ती. भक्तीताईंना मृणालीचा नमस्कार.

इथं बरं आहे. हवा जरा निवळलीय. ह्यांनी गच्चीवर निळ्या ड्रममध्ये लावलेला कढीपत्ता उन्हाळ्यात गेला असं धरून चालले होते, तर मेला पुन्हा फुटला.

फोनवरच बोलले असते, पण हा विषय काढला की नेमकं तुमचं दूध उतू जातं.

कामावर उंचावरून पडून हे गेले, त्याला सहा महिने झाले आणि ह्यांच्या कंपनीचं अजून तेच, सेफ्टी बेल्ट ह्यांनीच लावला नव्हता. अहो, गाडी सुरू करायच्या आधी तीनतीनदा माझा बेल्ट ओढून बघणारा माणूस तो! हे मला जज्जासमोर सांगायचंय. पण तुमच्या त्या वकिलांचा मेल आलाय. फेडरल कोर्टाला ही केस ऐकायचा अधिकार आहे, हे म्हणे आधी आपणच दाखवायचं. कंपनी टेक्सासची, तर आपलं माणूस दुसऱ्या राज्याचं हवं. ह्यांचा नुसता अमेरिकन पासपोर्ट पुरत नाही. कायमचं घर बहरीनमध्ये केलं असेल तर ते कुठल्याच राज्याचे नाहीत, आणि केस दारातूनच परत. म्हणजे प्रश्न एवढाच, की गेले तेव्हा त्यांचं घर कुठं होतं? परत कुठं जायचं मनात होतं?

मी लिहिणार होते, घर इथंच. अकरा वर्षांचं.

तेवढ्यात तुमचं कुरिअर आलं. न्यू जर्सीच्या फ्लॅटचा भाडेकरार, ह्यांच्या नावाचा. काय ती तत्परता! दर डिसेंबरला 'ताईकडे महिनाभर राहून येतो' म्हणणाऱ्या माणसाचा तिकडे स्वतःचा फ्लॅट होता, आणि तुम्ही मला ते आत्ता कळवताय. त्यात ह्यांच्या नावाखालच्या ओळीवर व्हाइटनर. ताई, पोर्टवरच्या ऑफिसात रोज असले कागद माझ्या हाताखालून जातात. झेरॉक्स पाठवली असतीत तर खपून गेलं असतं. घाईत तुम्ही मूळ कागदच पाठवलात. मी तो उलटा करून खिडकीच्या काचेला लावला.

नाव वाचलं. इथं लिहीत नाही, तुम्हाला पाठ असेल.

गेल्या वर्षी हे निघताना माझ्या हातचे खाजे 'दोन डबे दे गं' म्हणून तुम्ही मागवलेत. दुसरा डबा कुणाचा, हे मी विचारलं नाही. भोळी म्हणा, मूर्ख म्हणा. झाकलंत ते माझ्यासाठी की भावासाठी, तेही आता विचारत नाही. दोन दिवस नुसती रडले, एवढं खरं.

सोबत प्रतिज्ञापत्र आहे, सही केलेलं. 'माझ्या पतीचा न्यू जर्सीला कायमचं परतायचा इरादा होता.' आठवडाभर हात धजत नव्हता, खोटं कसं लिहायचं म्हणून. आता खोटं राहिलं नाही. पण तो रंगवलेला कागद कोर्टात देऊ नका, समोरचा वकील आधी तेच खरवडेल. घरमालकाकडून नवी प्रत घ्या, दोन्ही नावांची. नुसत्या फ्लॅटवरून कोर्टाला पटेल न पटेल. त्या नावावरून पटेल. मला पटलं.

बेल्टसाठी मात्र मी शेवटपर्यंत भांडणार आहे. तो त्यांनी लावलाच होता.

तुमच्या भावाची बहरीनमधली बायको,
मृणाली